उच्छ्वासावर फिरणारे चाक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याच्या स्थानकात येऊन उभी राहिली. चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी आणि पुढे जोडलेली साहिब, सिंध व सुलतान ही तीन एंजिने, हा सगळा थाट शाळेच्या पुस्तकात असतो आणि मी तो गेली कित्येक वर्षे मुलांकडून पाठ करून घेत आलो आहे. परंतु त्या एंजिनांच्या धापेविषयी पुस्तकात एक अक्षरही नसते. आगगाडी धापा का टाकीत असे? चढाला लागली की त्या धापा मोठ्या का होत? पोरांच्या तोंडची ‘झुकझुक’ हा नुसता आवाज, की त्या आवाजात काही काम चाललेले असे?

काम चाललेले असे, आणि तेही मोठ्या मोलाचे. वाफेने दट्ट्या ढकलून झाला की ती वाफ निकामी होते. ती कुठेही सोडून दिली असती तरी कोणी हरकत घेतली नसती. पण कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ च्या सुमारास आपल्या एंजिनातली निकामी वाफ धुरांड्यात सोडली आणि त्याच्या ध्यानात आले की, वाफ वर उसळली की चुलीतला विस्तव फुलतो. वाफेचा झोत धुरांड्यातली हवा आपल्याबरोबर ओढून नेतो, मागे पोकळी होते, आणि ती भरून काढण्यासाठी बाहेरची हवा निखाऱ्यांतून आत धावते. स्टीफन्सनच्या १८२९ च्या ‘रॉकेट’ एंजिनात ही युक्ती चांगली रुळली. एंजिन जितके अधिक राबेल तितकी वाफ जोराने बाहेर पडणार, तितका विस्तव अधिक फुलणार आणि तितकी नवी वाफ तयार होणार. लोहाराला भाता ओढायला एक पोरगा ठेवावा लागतो. आगगाडीचा भाता तिच्याच उच्छ्वासावर चालत असे.

मात्र ह्या भात्यात एक पेच होता. वाफ सोडणारी तोटी अरुंद ठेवावी की रुंद? अरुंद ठेवली तर झोत तिखट होतो, विस्तव भडकतो. पण वाफेला बाहेर पडायला वाट पुरत नाही आणि दट्ट्याला आपणच टाकलेली वाफ रेटीत बसावे लागते. रुंद ठेवली तर श्वास मोकळा होतो, पण विस्तव मंदावतो. ह्या एका तोटीच्या मापावर इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका येथील यंत्रज्ञ शंभर वर्षे भांडत होते. फ्रान्सच्या आंद्रे शाप्लोनने १९२९ च्या सुमारास क्युलेला नावाच्या एका फिनलंडच्या माणसाची कल्पना घेऊन निराळ्याच घाटाची तोटी बसविली आणि जुन्या एंजिनांकडून थक्क करणारे काम करून घेतले, तेव्हा कुठे हे भांडण थोडेसे निवळले. वाचकांनी ही तोटी ध्यानात ठेवावी. आज आपल्या डोंबिवलीत, ठाण्यात, एखादा तरुण आपल्या लहानशा मोटारीला मोठा टर्बो बसवावा की लहान, म्हणून डोके खाजवीत बसतो, तेव्हा तो नकळत ह्याच तोटीशी झगडत असतो.

टर्बो हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. मोटारीच्या पाठीवर तो चकचकीत अक्षरांत लिहिलेला असतो, आणि मिक्सर-पंख्यांच्या जाहिरातींतही कोणी तो घुसडतो. पण मूळ वस्तू साधी आहे. एका आसाच्या दोन टोकांना दोन चाके, दोन्ही पात्यापात्यांची. एंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकावर आदळतो आणि ते गरगर फिरवतो. आस एकच असल्यामुळे दुसरे चाक फिरते आणि बाहेरची हवा दाबून एंजिनाच्या घशात कोंबते. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येते, इंधन जास्त म्हणजे जोर जास्त. लहान मोटारीतले हे चाक रुपयाच्या नाण्याहून फारसे मोठे नसते आणि मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेते. ज्या धुराने ते फिरते तो पेट्रोलच्या एंजिनात नऊशे अंशांच्या घरात तापलेला असतो, आणि त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या अंगणातली हवा असते. मधे तेलाचा एक पातळ पापुद्रा. मला तर देवघरातल्या समईची वात आणि फ्रीज एका काडीवर तोलून धरल्यासारखे वाटते.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस माणसाची. विंटरथूर गावात १८७९ साली तो जन्मला, आणि १९०५ च्या नोव्हेंबरात त्याने तिचे पेटंट नोंदविले. एंजिनात जाळलेल्या इंधनातली फार मोठी उष्णता धुराबरोबर आभाळात जाते, ही गोष्ट त्याला बोचत होती. काटकसरी गृहिणीला उतू जाणारे दूध जसे बोचते तशी. पण पेटंट नोंदविणे निराळे आणि चाक फिरविणे निराळे. एवढी उष्णता सोसणारे पोलाद नव्हते, एवढ्या वेगाला टिकणारे बेअरिंग नव्हते. १९१५ चा त्याचा नमुना फसला. पुढे जर्मनीतील ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेस्टाट डान्झिग’ ह्या दोन प्रवासी बोटींच्या दहा सिलिंडरांच्या डिझेल एंजिनांवर त्याने आपली यंत्रे चढविली आणि १७५० अश्वशक्तीच्या ठिकाणी २५०० अश्वशक्ती मिळाली, तोवर १९२६ साल उजाडले होते. तरुणपणी सुचलेल्या गोष्टीसाठी वीस वर्षे! आमच्या कादंबरीला प्रकाशक दोन वर्षे उत्तर पाठवीत नाही, तर आम्ही जेवण टाकतो.

मध्यंतरी अमेरिकेत सॅनफर्ड मॉस ह्याने ह्या चाकाचा आणखी एक उपयोग दाखवून दिला. उंचावर हवा विरळ होते म्हणून विमानाच्या एंजिनाचा दम तुटतो. १९१८ साली मॉसने एक ‘लिबर्टी’ एंजिन मालमोटारीवर लादून कोलोरॅडोतील पाइक्स शिखरावर, सुमारे १४,००० फुटांवर नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन वर जाऊन २३० वर आले होते. टर्बो जोडताच ३५६ झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची मोठी बाँबफेकी विमाने ज्या उंचीवरून उडत, ती उंची त्यांना ह्याच चाकाने दिली.

बोटी आणि विमाने ह्यांचा हा इतिहास दूरचा वाटेल. पण त्याचा एक मोठा अध्याय आपल्या अंगणात घडला आहे. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली, आणि पुढे बोरघाट-थळघाटाच्या तोंडावरचे ठाणे म्हणून कल्याणचे महत्त्व वाढत गेले. ह्या कल्याणला डिझेल एंजिनांची जी शेड आहे तिने वर्षानुवर्षे डब्ल्यूडीएम-२ जातीची आणि तिच्या पोटजातींची एंजिने सांभाळली. हे एंजिन मूळ अमेरिकेच्या ‘अल्को’ कंपनीचे. १९६२ पासून ते भारतात येऊ लागले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. सोळा सिलिंडर, प्रत्येकाची पोकळी जवळजवळ ११ लिटर, म्हणजे पाण्याची एक मोठी कळशी. आणि वर एक टर्बो. शक्ती २६०० अश्व.

कोकण रेल्वेवर विजेच्या तारा नव्हत्या तोवर ठाणे, दिवा, पनवेल ह्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांना डिझेल एंजिने लागत. फलाटावर उभे राहून ज्यांनी अशी गाडी सुटताना पाहिली असेल त्यांना आठवेल: चालक खटका एक-दोन घरे पुढे सरकवी, एंजिन घोगरे होई आणि टपावरून काळ्याकुट्ट धुराचा लोट उठे, मग पाच-दहा क्षणांनी धूर निवळे आणि गाडीला खरा ओढा मिळे. बायका नाकाला पदर लावीत आणि रेल्वेच्या नावाने बोटे मोडीत. त्या काळ्या लोटाचे कारण असे की, तेल ताबडतोब वाढते, परंतु हवा वाढायला टर्बोचे चाक आधी वेग घ्यावे लागते. चाकाला वेग यायला धूर वाढावा लागतो, धूर वाढायला तेल जळावे लागते, आणि तेल जळायला हवा नसते! ह्या खोळंब्याला मोटारवाले ‘लॅग’ म्हणतात. चाक जितके मोठे आणि जड, तितका खोळंबा अधिक. ही गोष्ट मला पुस्तकातून समजली नाही. ठाण्याच्या फलाटावर समजली.

पुढे रेल्वेला त्याच आकाराच्या एंजिनातून अधिक जोर हवा झाला. १९९४ पासून तयार होऊ लागलेली सुधारलेली जात, जिला डब्ल्यूडीएम-३ए हे नाव पडले, ती ३१०० अश्वशक्तीची. सिलिंडर तितकेच, पोकळी तितकीच. वरचे पाचशे घोडे कुठून आले? जुना अल्कोचा टर्बो काढून त्याच्या जागी नेपियर, ए.बी.बी., जनरल इलेक्ट्रिक अशा निरनिराळ्या घराण्यांचे अधिक कार्यक्षम टर्बो घेण्यात आले. पण (आणि ह्या ‘पण’पाशी मी मुद्दाम थांबतो) टर्बो बदलला आणि काम झाले, असे घडले नाही. दाबलेली हवा गार करणारा कूलर मोठा करावा लागला. तेल टाकणारा पंप १५ मिलिमीटरचा होता तो १७ चा करावा लागला. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट बदलला, आणि दट्ट्यांच्या डोक्यावर पोलादी टोप्या आल्या. रेल्वेच्या संशोधकांनी हा सगळा संच मिळून एक वस्तू मानली. सुनेला घरात आणायचे तर नुसता मांडव घालून भागत नाही, हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक असते. एंजिनाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसे ते विसरतात.

ती कशी विसरतात त्याचा पहिला मोठा धडा अमेरिकेने घेतला. १९६२ साली ओल्ड्समोबाइल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची टर्बोची मोटार बाजारात आणली. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल वेळेआधीच भडकते, दट्ट्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो; ह्याला इलाज म्हणून त्यांनी पाणी आणि मेथॅनॉल ह्यांचे मिश्रण एंजिनात फवारण्याची सोय केली. ते मिश्रण एका टाकीत वेळोवेळी भरावे लागे. गिऱ्हाईक पेट्रोल भरी आणि ही टाकी भरायचे विसरे. तक्रारी इतक्या झाल्या की पुढे कंपनीनेच अनेकांच्या गाड्यांवरचे टर्बो उतरवून दिले.

दुसरा धडा फ्रान्सचा, आणि तो आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. मोटारींच्या जागतिक शर्यतीत नियम असा होता की साधे एंजिन असेल तर तीन लिटरांचे चालेल, पण हवा दाबणारे यंत्र असेल तर दीड लिटरच. दीड लिटर म्हणजे आपल्याकडच्या घरगुती मोटारीएवढे. रेनो कंपनीने १९७७ साली इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे दीड लिटरची टर्बो गाडी उतरविली. ती इतक्या वेळा वाफाळत थांबली की इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले. तिच्यावर एकच मोठा टर्बो होता. सरळ रस्त्यावर ती वाऱ्यासारखी धावे, पण वळणातून बाहेर पडताना चालकाने पाय दाबला की आधी काहीच होत नसे आणि मग सगळे एकदम होई. १९७९ साली त्यांनी एका मोठ्याच्या जागी दोन लहान टर्बो बसविले, आणि त्याच वर्षी १ जुलैला दीजाँ येथे झां-पिएर जाबुय ह्याने ती शर्यत जिंकली. टर्बोचा हा तिथला पहिला विजय. पुढे शक्तीची हाव इतकी वाढली की दीड लिटरच्या बी.एम.डब्ल्यू. एंजिनातून चाचणीफेऱ्यांपुरती हजारावर अश्वशक्ती काढण्यात येऊ लागली. तशी एंजिने थोड्याच फेऱ्यांत निकामी होत, आणि त्यांच्याकडून कोणाची तशी अपेक्षाही नसे. १९८८ नंतर तिथे टर्बोवर बंदीच आली. २०१४ साली तो परतला तेव्हा खोळंबा मारण्यासाठी आसावरच विजेची मोटर बसवलेली होती. ती व्यवस्था २०२५ पर्यंत चालली.

तिसरा धडा स्वीडनचा, आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात गर्जना नाही. साब कंपनीच्या यंत्रज्ञांनी १९७७ साली आपली दोन लिटरची ९९ टर्बो जगापुढे मांडली. तोवरच्या टर्बो मोटारी शर्यतीचे पोशाख घालून हिंडत. साबच्या लोकांनी प्रश्नच निराळा विचारला: आपला गिऱ्हाईक दिवसभर कोणत्या वेगात असतो? मालमोटारीला मागे टाकताना, घाट चढताना, चौकातून निघताना. म्हणजे एंजिनाचे फेरे मधल्या टप्प्यात असतात. मग त्यांनी मुद्दाम लहान टर्बो निवडला. तो चटकन जागा होई, आणि दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की एक झडप उघडून जादा धूर बाजूने सोडून देई. शिखरावरच्या शक्तीचे थोडे पाणी सोडून त्यांनी मधल्या टप्प्यातला जोर मिळविला. आज आपल्याकडच्या लहान टर्बो मोटारी बव्हंशी ह्याच विचाराच्या आहेत.

आपल्याकडे त्या आल्या मात्र उशिरा. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास जी फियाट बनविली, जी पुढे पद्मिनी झाली, तिचे एंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे आणि चाळीसेक अश्वशक्तीचे. तिने दोन पिढ्यांची लग्ने, बारशी आणि देवदर्शने केली. त्याच कंपनीने नव्वदच्या दशकात डोंबिवलीजवळच्या आपल्या कारखान्यात फ्रेंच प्यूजो ३०९ बनविली. तिच्या डिझेललाही टर्बो नव्हता. २००६ साली सरकारने चार मीटरांहून आखूड आणि पेट्रोलच्या बाबतीत १२०० घनसेंटिमीटरांच्या आतल्या मोटारींवरचा कर उतरवला. त्यामुळे कारखानदारांचा सगळा डोळा लहान एंजिनाकडे लागला, आणि लहान एंजिनातून मोठे काम काढायचे तर ब्यूखीच्या चाकावाचून गत्यंतर नव्हते. २०१३ साली चाकणहून पोलो जीटी टीएसआय आली, १.२ लिटर आणि १०५ अश्वांची. त्याच वर्षी फोर्डची एक लिटरची इकोस्पोर्ट. आणि २०१५ साली पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावहून एक विंचवाचे चिन्ह लावलेली मोटार बाहेर पडली. तिचे नाव अबार्थ पुंटो.

ह्या विंचवाचीही एक कथा आहे. कार्लो अबार्थ हा व्हिएन्नात १९०८ साली जन्मलेला माणूस. १९४९ साली त्याने इटलीत आपला कारखाना काढला. तो लहान फियाट गाड्यांना शर्यतीच्या लायक करी. परंतु त्याची खरी कमाई होती ती धुराच्या नळकांड्यांवर. एंजिनाचा उच्छ्वास मोकळा केला की ते जास्त राबते, हे ट्रेव्हिथिकच्याच जातीचे शहाणपण तो नळकांड्यांच्या रूपाने विकीत असे. त्याच्या नावाची पुंटो १३६८ घनसेंटिमीटरांची, १४५ अश्वशक्तीची. आणि २००० पासून ४००० फेऱ्यांपर्यंत सपाट, भरघोस ओढा. लोकांनी ती फार घेतली नाही, आणि काही वर्षांत ती बंद झाली. ज्यांनी घेतली त्यांना मात्र तिचा लळा लागला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशीच एक गाडी पुढच्याच्या हातून विकत घेतली. तो एमआयडीसीत नोकरीला असतो. तो एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, “सर, टर्बो बदलतोय. गॅरेटचा जीटी-२८. तीनशे अश्वशक्ती निघतील.”

“कुठे निघतील?” मी विचारले.

“चाकांवर, सर.”

“तसे नव्हे रे. कोणत्या रस्त्यावर?”

तो हसला. मी मराठीचा मास्तर, शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. पण त्रैराशिक मला येते, आणि टर्बोची निवड ही शेवटी त्रैराशिकाचीच बाब आहे. मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली.

चार फटक्यांच्या एंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा भरली जाते. म्हणजे १.३६८ लिटरचे एंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना सुमारे ४१०० लिटर हवा ओढू पाहते. प्रत्यक्षात नव्वद टक्के धरा, म्हणजे ३७००. आपल्याकडच्या उकाड्यात एक लिटर हवेचे वजन सव्वा ग्रॅमहून थोडे कमी, १.१५ धरू. झाली सव्वाचार किलो, म्हणजे सुमारे साडेनऊ पौंड. आता मोटारवाल्यांचा एक ठोकताळा आहे: मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण दहा अश्वशक्ती. टर्बोवाचून हे एंजिन पंच्याण्णवच्या आसपास राहील. टर्बोने हवा दीडपटीहून थोडी अधिक दाट केली की साडेचौदा पौंड, म्हणजे १४५ अश्व. कारखान्याने जो आकडा छापला आहे तोच! विद्यार्थ्याचे डोळे चमकले. गणिताच्या तासाला ते कधी चमकले नव्हते, असे त्याचे गणिताचे मास्तर सांगत.

“मग तीनशेसाठी तीस पौंड,” तो म्हणाला. “जीटी-२८ देतो.”

“तो देईल. पण २५०० फेऱ्यांवर तुझे एंजिन किती मागेल?”

त्याने भागाकार केला. तेवढाच दाब धरला तरी मिनिटाला सहाच पौंड. आता प्रत्येक टर्बोचा एक नकाशा असतो. आडव्या अंगाला हवेचे वजन, उभ्या अंगाला दाब, आणि मधे डोंगराच्या नकाशात उंचीच्या रेषा असतात तशा कार्यक्षमतेच्या रेषा. डाव्या हाताला एक सीमा असते. त्या सीमेच्या डावीकडे हवा पुढे जाण्याऐवजी उलटी फिरते, चाक फडफडू लागते आणि बेअरिंगचा जीव जातो; तिला ‘सर्ज’ म्हणतात. मोठ्या टर्बोचा नकाशा उजवीकडे सरकलेला असतो. सहा पौंडांवर पुरता दाब मागितला तर तो ह्या सीमेच्या पलीकडेच पडतो. बहुधा तेवढाही प्रश्न येत नाही, कारण तेवढ्या धुरात मोठे चाक वेगच घेत नाही. म्हणजे साडेतीन-चार हजार फेऱ्यांपर्यंत ही मोटार टर्बोवाचूनच्या मोटारीसारखी रांगणार, आणि त्यानंतर सगळे एकदम. रेनोची किटलीच.

धुराकडच्या बाजूलाही तीच निवड असते. चाकाभोवतीच्या शंखाकृती घराचे तोंड किती रुंद ठेवायचे? त्यासाठी एक प्रमाण असते, मोटारवाले त्याला ‘ए बाय आर’ म्हणतात. तोंड लहान असले की धूर तिखट झोताने चाकावर येतो आणि चाक लवकर जागे होते. पण वरच्या फेऱ्यांवर धूर तुंबतो. मोठे असले की उलट. शंभर वर्षांच्या वाफेच्या भांडणाला एवढेसे नाव मिळाले आहे.

मधला एक पर्यायही होता. युरोपात अबार्थनेच आपल्या ५९५ कॉम्पेटिझिओने ह्या गाडीत ह्याच १३६८ च्या एंजिनाला गॅरेटचा १४४६ हा थोडासा मोठा टर्बो लावून १८० अश्वशक्ती घेतली आहे. अठरा पौंड हवा. हा पायरीपायरीचा मार्ग. चाक फार उशिरा जागे होत नाही, आणि कारखान्याने स्वतः वाट तुडवलेली आहे. ज्याला टर्बो बदलायचाच आहे त्याने माझ्या मते ह्यापलीकडे जाऊ नये. त्यातही कूलर, इंधन टाकणाऱ्या सुया, क्लच आणि एंजिनाचा संगणक ही वऱ्हाडातली मंडळी बरोबर बोलवावी लागतात. कूलरचे महत्त्व तर आपल्या हवेत फारच. ३२ अंशांची हवा पावणेदोन-दोन पटीने दाबली की शंभर अंशांच्या वर तापते. स्वीडनमधल्या हिवाळ्यात ठरवलेले आकडे कल्याणच्या मे महिन्यात चालत नाहीत. पेट्रोलही पाहावे लागते. आपल्या पंपावर साधे मिळत असे ते ९१ ऑक्टेनचे. ९५ चे काही ठिकाणी. आणि १०० चे २०२० च्या डिसेंबरपासून, तेही मोजक्या पंपांवर. टाकीत एकदा चुकून साधे पेट्रोल पडले आणि दाब वाढवलेलाच राहिला, तर जेटफायरच्या दट्ट्यांवर पडली तीच हातोडी इथेही पडते. कनेक्टिंग रॉड वाकला की एंजिनाला खिडकी पडते, असे गॅरेजवाले म्हणतात. हे आलंकारिक बोलणे नव्हे. रॉड खरोखरच कवच फोडून बाहेर डोकावतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीच्या कागदावर कारखानदाराने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. म्हणजे शीळफाट्याच्या रस्त्यावर अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने बॉनेट उघडले, तर तीनशे अश्वांचे ओझे मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर येईल. चेन्नईच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतीच्या रस्त्यावर गाडी लादून न्यायची असेल तर गोष्ट निराळी. तिथे मोठा टर्बोही शोभतो, कारण तिथे फेरे खाली येतच नाहीत. पण ज्याचा निम्मा दिवस कल्याण-शीळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जातो, त्याने आपली शक्ती सहा हजार फेऱ्यांवर नेऊन ठेवणे, म्हणजे घरातले धान्य माळ्यावर आणि शिडी शेजाऱ्याकडे.

हे बोलणे त्याला रुचले नाही, हे मी पाहिले. लग्नाआधीची चार वर्षांची शिल्लक त्याने ह्यासाठी बाजूला काढली होती, आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम त्याच्या आईने त्याच पैशांवर डोळा ठेवून आखला होता. मी त्याला एवढेच म्हटले की, नवीन आणण्याआधी जुना टर्बो आज किती दाब देतो ते एकदा मोजून तरी घे.

पंधरा दिवसांनी वागळे इस्टेटच्या एका गॅरेजातून त्याचा फोन आला. गाडी सात वर्षांची. कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला पट्टीखाली बारीक चीर होती, आणि जादा धूर सोडणारी झडप पुरती मिटत नव्हती. दाबलेली हवा चिरेतून जात होती, धूर झडपेतून. कित्येक महिने तो १४५ ची म्हणून जी मोटार चालवीत होता ती शंभर-सव्वाशेचीच असावी. नळी बदलली, झडपेची दांडी ठाकठीक केली, कूलर आतून धुतला. खर्च काही हजारांत आटोपला. “सर,” तो सांगत होता, “घोडबंदरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, अठराशे फेऱ्यांवर पाय ठेवला, तर मागून कोणी हात दिल्यासारखी निघाली.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “त्या १४४६ चा नकाशा तुमच्याकडे आहे ना अजून?”